कॉटन कातण्यावरून आलेला नाही

वर्ध्याच्या दवाखान्यात त्या सकाळी सिस्टर हाताची सुई बदलायला आल्या. ट्रेमध्ये कापसाचे बोळे होते. त्या बोळ्यांकडे बघून आमचे हे म्हणाले, "सिस्टर, कॉटन हा शब्द कुठून आला, ठाऊक आहे का तुम्हाला?" आवाज अगदी बारीक झाला होता, पण सूर वर्गातलाच. शेजारच्या खाटांवरचे लोक माना वळवून बघायला लागले आणि माझी कानशिलं नेहमीसारखी तापली. मी यांचा हात दाबून म्हटलं, "अवो, त्यांले कामं हायेत. गप राहा ना जराशे." सिस्टर बिचाऱ्या थांबल्या होत्या. हसून म्हणाल्या, "सांगा ना काका, कुठून आला?" यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "नंतर सांगतो." संध्याकाळी यांना आतल्या खोलीत हलवलं. तिथून हे परत आले नाहीत. त्या सिस्टरला मी नंतर जिन्यात पाहिलं, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला सांगता आलं असतं... पण त्या वेळी मला माझं नावही नीट आठवत नव्हतं.

आता दोन महिने होत आले. येणारेजाणारे कमी झालेत. पेपरच्या या पुरवणीसाठी सरांविषयी चार शब्द लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हटलं. मी गणिताची बाई. पुलगावच्या मुलींच्या शाळेत सगळी नोकरी अपूर्णांकांत गेली. लिहिण्याबोलण्याचं खातं यांचं. पण माझ्याकडे यांचं एक काम अर्धवट राहिलं आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला सांगून होण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

वानखडे सर म्हणजे आमचे हे. मूळचे आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचे. घरची शेती, त्यात पऱ्हाटी, म्हणजे कापूसच जास्त. हे मात्र इंग्रजी शिकले आणि नाचणगावच्या वाटेवरच्या शाळेत मास्तर झाले. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही रोहण्याला निघालो ते एस.टी.नं. खिडकीबाहेर पांढरी शेतं लागली तशी यांना चेव आला. मला म्हणाले, इंग्रजीत कॉटनचा अर्थ नुसता कापूस नाही. एखाद्या माणसावर जीव जडला तर तेव्हाही हाच शब्द क्रियापद म्हणून वापरतात. आणि भर गाडीत, मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्याकडे बोट दाखवून एक इंग्रजी वाक्य करून दाखवलं. कंडक्टर वळून बघायला लागला. मी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि रोहणा येईपर्यंत यांच्याशी बोलले नाही. माझ्या संसारातली ही पहिली लाज. पुढं त्याची सवय होईल असं वाटलं होतं, ते काही झालं नाही.

या शब्दाचा यांना नाद होता. दरवर्षी नव्या वर्गावर यांचा पहिला तास कॉटनचा. रोहण्याहून भाऊजींनी पाठवलेलं फुटलेलं बोंड टेबलावर ठेवायचं आणि एकेक अर्थ सोलत जायचं. शेतात उभं आहे ते झाड कॉटन. त्याचा तंतू कॉटन, धागा कॉटन, अंगावरचं कापड कॉटन, जखमेवर लावायचा बोळा कॉटन. डोक्यात उशिरा प्रकाश पडला तर त्यालाही हाच शब्द, पुढे छोटासा 'ऑन' जोडून. कुणाला फार जपून, वारा लागू न देता वाढवलं तर त्याला कापसात गुंडाळलं म्हणतात, ते तर आपल्यालाही कळतं. जीव जडण्याचा अर्थ कुठून आला यावर विद्वानांचं एकमत नाही, हे पोरांना रंगवून सांगायचे. कुणी म्हणतं, जुन्या काळी कापडावर लव छान उठली की ते कापड 'कॉटन' झालं म्हणत, त्यावरून काम जमणं आणि मग माणसामाणसांचं जमणं. कुणी म्हणतं, वेल्श नावाच्या भाषेतून, एकमत होण्याच्या शब्दावरून. प्रत्येक अर्थानंतर एका पोराला उभं करायचं. "काय म्हटलं मी? सांग बरं परत." ही यांची ठरलेली पद्धत. परत सांगता आलं तरच पुढं जायचं. घरीसुद्धा तेच. मला बाजारातून काय आणायचं ते सांगितलं की म्हणायचे, सांग बरं परत. मी पिशवी आपटून निघून जायचे.

आणि तासाच्या शेवटी यांचा हुकमी पत्ता. हा कॉटन शब्द इंग्रजांनी नेला कुठून? "आपल्या कातण्यावरून! अरे, तुमची आजी टकळीवर कातत होती, ते कातणं साहेबानं उचललं आणि त्याचं कॉटन केलं. मग इंग्रजीले भेता कायले? ते तं तुमच्याच वावरातून गेली." वर्ग टाळ्या वाजवायचा. वर्धा जिल्ह्यात, जिथं शाळेत सूतकताईचा तास असायचा, तिथं हे कुणाला पटणार नाही? यांना स्वतःलाही ते लहानपणी टकळीच्या तासाला त्यांच्या गुरुजींनीच सांगितलेलं. कधी तपासून बघावं असं मनातही आलं नाही. इंग्रजीच्या नावानं शाळा सोडायला निघालेली पोरं त्या एका वाक्यावर टिकली, हे मी पाहिलं आहे. संस्थेनं ते वाक्य शाळेच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं: कातण्यावरून कॉटन. रस्त्यानं जाणाऱ्या बसमधूनही वाचता येतं.

हे निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वाढदिवसाला पुण्याच्या लेकीनं एक जाडजूड इंग्रजी कोश पाठवला, शब्दांची मुळं सांगणारा. शेजारचं जोडपं चहाला आलं होतं. यांनी खोकं तिथंच फोडलं. "थांबा, तुम्हाला एक गंमत दाखवतो," म्हणून मांडीवर घेऊन पान काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. मध्येच थांबले. परत वरून वाचलं, मनात. मग कोश मिटून म्हणाले, "चहा थंडा होऊन राह्यला ना." पाहुण्यांना वाटलं, चष्मा नीट लागत नसेल. मलाही तेच वाटलं. पण रात्री जेवायला बसले नाहीत, दुसऱ्या दिवशीही ताटावर नुसता हात फिरवला, तेव्हा मी खनपटीला बसले. खाली मान घालून म्हणाले, "कॉटन आपला नाई. अरबी हाय. कुत्न म्हणून शब्द हाय अरबीत, तो फ्रेंचात गेला, तेथून इंग्रजीत. कातण्याचा काई संबंध नाई." मी हसले. खरंच हसले. एवढ्यासाठी अन्न टाकायचं? म्हटलं, "मंग काय झालं बाप्पा? कोणाचं काय अडलं?" हे म्हणाले, "इतकी वर्षं भिंतीवर हाय माझं खोटं." आणि मग जे बोलले ते ऐकून माझं हसू पळालं. "पोट्ट्यांले सांगून यावं लागते."

कोणत्या पोट्ट्यांना? यांचे पहिले विद्यार्थी आजोबा झालेत. पण एकदा मनात घेतलं की ऐकणारा माणूस नव्हे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती. म्हणजे चालवणार कोण? मी. या वयात मी स्कूटीवर यांना मागे बसवून पुलगाव, नाचणगाव, जमेल तशी खेडी हिंडले. बसताना हे मागचं पायदान उघडायचे आणि उतरल्यावर मिटायचं विसरायचे. दरवेळी माझ्या नडगीला ते लागायचं आणि मी रस्त्यातच यांच्यावर ओरडायचे. कुणाचं घर आलं की पाठीमागून डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचे. मी गाडी थांबवली की हे दारात चपला काढून उभे राहायचे. खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. आधी चूक सांगायची, मग बसायचं. "मी तुम्हाला कॉटन कातण्यावरून आला असं शिकवलं होतं. ते चूक आहे. तो अरबीतून आला आहे. काय म्हटलं मी? सांग बरं परत." आणि पोक्त माणसं, नातवंडांसमोर उभी राहून, परत सांगायची. मी गेटाबाहेर गाडीवरच बसून राहायचे. आतल्या बाया खिडकीतून माझ्याकडे बघायच्या. सर भ्रमिष्ट झाले का, असं त्यांच्या नजरेत मला दिसायचं. खरंच दिसत होतं, की मीच ते त्यांच्या नजरेत घालत होते, देव जाणे.

पुलगावच्या बाजारातला गजानन यांचा लाडका. कापडाचं दुकान चांगलं चालतं त्याचं. तो तर साड्या दाखवताना गिऱ्हाइकाला सांगायचा, प्युअर कॉटन, म्हणजे आपलं कातणं. यांनी भर दुकानात चूक सांगितली. गजानन ओशाळला, मग म्हणाला, "जाऊ द्या ना सर. गिऱ्हाईक खुश होते, तुमचं बी नाव निंगते. काय फरक पडते?" हे म्हणाले, "गिऱ्हाईक खुश होते म्हणून मीटरपट्टी छोटी करशीन का?" दुकानातली माणसं हसली. गजाननही हसला, पण त्याचा चेहरा पडलेला मी पाहिला. बाहेर आल्यावर मी यांना खूप बोलले. दुकानात त्याची इज्जत घालवायची काय गरज होती? हे म्हणाले, "माझी बी तं गेली." आणि स्कूटीवर बसले.

दुसरा एक, नाचणगावच्या शिवारात वेचणीला बायका लावून बांधावर उभा होता. हे पऱ्हाटीतून वाट काढत गेले आणि सांगितलं. तो ऐकतच राहिला. म्हणाला, "सर, मले तं काईच याद नाई. कातणं नाई अन् कॉटन बी नाई. मले फक्त तुमचा मार याद हाय." वेचणाऱ्या बायका खो खो हसल्या. मीही हसले, तोंडाला पदर लावून. यांनी मात्र त्याच्या दंडावर हात ठेवला आणि विचारलं, "लय मारलं का बाबू?" तो म्हणाला, "होय सर, पण कामापुरतं." संध्याकाळी हे कोश काढून बराच वेळ वाचत बसले आणि मला बोलावलं. आपल्या संस्कृतातला कर्पास, ज्याचा कापूस झाला, तो शब्द खरंच समुद्रापार गेला होता. ग्रीकांनी घेतला, तिथून लॅटिनमध्ये गेला. फक्त तो कॉटन नव्हे. मला एवढा आनंद झाला! म्हटलं, "मंग तेच सांगा ना सगळ्यांले! आपला शब्द गेलता म्हणून सांगा, झालं. कशाले तोंड खाली घालून हिंडता?" यांनी मान हलवली. "ते बी सांगीन. पण आधी चूक. मंग बाकीचं."

या हिंडण्यात सगळ्यात अवघड घर सुषमाचं होतं. सुषमा यांची विद्यार्थिनी, आणि आता यांच्याच शाळेत यांच्याच जागेवर इंग्रजी शिकवते. पहिला तास कॉटनचाच घेते, बोंडही रोहण्याचंच नेते. तिच्या दारात यांनी चपला काढल्या आणि सांगितलं, तशी ती मटकन खाली बसली. मी पहिल्यांदाच गाडी सोडून कुणाच्या घरात गेले होते. ती म्हणाली, "सर, मी सातवीत नापास झालती. बाबा म्हणत होते, घरी बस. तुमी म्हटलं, इंग्रजी आपल्या वावरातून गेली. मले वाटलं, मंग ते मले येऊ शकते. तेवढ्यावर मी शिकली... आता तेच काढून घेता तुमी?" हे भिंतीला टेकून उभे राहिले. मग खूप हळू म्हणाले, "तू शिकली ते खरं हाय. ते कोणी काढून नाई घेऊ शकत. पण तुझ्या वर्गातले पोरं उद्या कोश उघडतीन, अन् तुझ्यासमोर असंच बंद करतीन. मले ते नाई पायजे." सुषमा रडत होती. यांनी सांग बरं परत म्हटलं नाही. ती आपणहून उठून उभी राहिली आणि म्हणाली, "कॉटन कातण्यावरून नाई आला."

वर्गातला तास तिनं बदलला. भिंत तिच्या हातात नव्हती. यांनी संस्थेकडे अर्जविनंत्या केल्या, अध्यक्षांना जाऊन भेटले. अध्यक्ष गोड माणूस. "बघू सर, पावसाळा होऊ द्या, रंगकाम काढायचंच आहे," म्हणाले. पावसाळा झाला. हे शाळेवरून जायचं टाळायला लागले. बाजारातून घरी यायला लांबचा रस्ता घ्यायला लावायचे. पेट्रोल जाते म्हणून मी कुरकुर करायचे. लाज मलाही वाटायची, पण ती या माणसाला मागे बसवून फिरते याची. यांना कशाची वाटत होती, ते मला समजत होतं असं मी म्हणणार नाही. मग छातीचं दुखणं सुरू झालं, आणि वर्ध्याच्या वाऱ्या.

शोकसभा शाळेतच ठेवली होती. मी गेटातून आत शिरले आणि भिंत पाहिली. पावसाळ्यानंतरचा रंग खरंच लागला होता. नवा, झगझगीत, आणि वाक्याच्या खाली आता यांचं नाव: कातण्यावरून कॉटन, कै. वानखडे सर. पेंटर मघाशीच रंगवून गेला असावा, वास येत होता. सभेत जो उठेल तो तेच सांगे. सरांनी आम्हाला सांगितलं, इंग्रजी आपल्या शेतातून गेली. गजानन उठला, त्यानं मात्र त्या वाक्याचं नाव काढलं नाही, सर लय सच्चे होते एवढंच बोलून खाली बसला. सुषमा सूत्रसंचालन करत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, वहिनींनी दोन शब्द बोलावेत. मी माइकपाशी गेले. समोर यांचा हार घातलेला फोटो, पाठीमागे उघड्या दारातून दिसणारी ती भिंत. एक वाक्य होतं बोलायचं. दारोदारी बाहेर बसून इतक्यांदा ऐकलेलं वाक्य. मी म्हटलं, "त्यांचं शाळेवर फार प्रेम होतं." आणि खाली येऊन बसले. सुषमानं मान खाली घातली. लोकांना वाटलं, बाईंचा कंठ दाटून आला. तो दाटला नव्हता. एवढ्या लोकांत, नवऱ्याच्या हार घातलेल्या फोटोसमोर, त्याची चूक कशी बोलून दाखवायची, याची मला लाज वाटली होती. आणि खुर्चीत बसल्या क्षणी जी लाज वाटली, ती मात्र अजून गेलेली नाही. चुलीपुढे उभी असते तेव्हा येते, देवापुढे वात लावताना येते. हा माणूस चपला काढून परक्यांच्या दारात उभा राहिला, आणि मला आपल्याच माणसांत माइकपाशी उभं राहूनही बोलता आलं नाही.

गेल्या आठवड्यात मी एकटीच शाळेत गेले. स्कूटी काढताना नडगीला काहीतरी लागलं. बघते तर मागचं पायदान उघडंच. दवाखान्यात जायच्या आधी हे शेवटचे उतरले होते तेव्हापासून तसंच. ओरडायला तोंड उघडलं होतं मी... मग तसंच न मिटता गाडी काढली. अध्यक्षांनी चहा मागवला. मी उभ्यानंच सांगितलं, की हे वाक्य चूक आहे, सरांना ते माहीत होतं, पुसा. ते कळवळून म्हणाले, "वहिनी, सरांची आठवण आहे ती. आणि चूक म्हणून पुसली तर लोक काय म्हणतील? तुम्हालाच खाली बघावं लागेल." मी म्हटलं, "खाली तं मी आताच बघून राह्यली." त्यांनी विषय मीटिंगमध्ये ठेवतो म्हणून सांगितलं. भिंत आहे तशीच आहे. मी परत जाणार आहे, आणि जाताना लांबचा रस्ता घेणार नाही.

पण मीटिंग होईल तेव्हा होईल. यांच्या वर्गात बसून गेलेली माणसं आता कुठकुठं आहेत. कुणी नागपुरात, कुणी आणखी दूर. त्या सगळ्यांच्या दारी आमची गाडी पोचली नाही, आणि आता मागे बसून खांद्यावर बोटं टेकवणारं कुणी नाही, म्हणून या पुरवणीतून येते आहे. दवाखान्यातल्या सिस्टर, तुमच्या हाती हा कागद पडला तर तुमच्यासाठीही. काका नंतर सांगतो म्हणाले होते, मी त्यांना बोलू दिलं नाही, ते हे. मी दाराबाहेर चपला काढल्या आहेत आणि अजून बसलेली नाही. कॉटन हा शब्द आपल्या कातण्यावरून आलेला नाही. तो अरबीतून आला. वानखडे सरांनी तुम्हाला चूक शिकवलं होतं, आणि ते सांगायला ते स्वतः निघाले होते.

काय म्हटलं मी? सांगा बरं परत.